पोर्ट, डावा, लाल: जहाजावरच्या दिशा डोक्यात पक्क्या कशा बसवायच्या

बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, वॉकीटॉकीवर सांगतो, "पायलट लॅडर पोर्ट साइडला." पायलट लॅडर म्हणजे बंदराचा वाटाड्या, पायलट, जिच्यावरून जहाजावर चढतो ती दोराची शिडी. नवा मुलगा "येस सर" म्हणतो आणि क्षणभर थबकतो. पोर्ट म्हणजे डावी. डावी म्हणजे हा हात. पण आपण तर मागे तोंड करून उभे आहोत, मग आता कुठला हात? हा हिशेब होईपर्यंत बोसनने दुसऱ्याला कामाला लावलेलं असतं.

अडचण शब्दांची नाही. शब्द मोजून दहा-बारा आहेत, एका संध्याकाळी पाठ होतात. अडचण त्या थबकण्याची आहे. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणी पुस्तक, हातात आलेले रेटिंग (खलाशी) आणि कॅडेट (शिकाऊ अधिकारी), गेटवेसमोर शिडाची होडी शिकायला लागलेले लोक आणि अलिबागजवळच्या मांडव्याच्या लाँचमधून जाताना "ही कुठली बाजू?" असा प्रश्न पडणारे प्रवासी, या सगळ्यांसाठी ते थबकणं घालवायचे उपाय इथे देतो. पायऱ्या क्रमाने करा. पहिली पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नका.

पायरी पहिली: स्वतःचे हात विसरा

डावं-उजवं माणसाचं असतं. माणूस वळला की तेही वळतं. पोर्ट आणि स्टारबोर्ड जहाजाचे असतात, आणि तुम्ही कुठेही तोंड केलंत, आडवे झालात, शिडीवर उलटे लटकलात तरी ते हलत नाहीत. जहाजाच्या आत उभं राहून पुढच्या टोकाकडे, म्हणजे बोच्या दिशेला, तोंड केलं की डाव्या हाताला येते ती पोर्ट आणि उजव्या हाताला येते ती स्टारबोर्ड. ही व्याख्या एकदाच करायची. त्यानंतर ती बाजू जहाजाला रंगवून टाकल्यासारखी समजायची.

ज्यांना हे पटकन पटत नाही त्यांनी प्रभादेवीचा सिद्धिविनायक आठवावा. तो उजव्या सोंडेचा. पण समोर हात जोडून उभं राहिलं की सोंड आपल्या डाव्या हाताला वळलेली दिसते, तरी रांगेतला कुणीही तिला डावी म्हणत नाही. उजवं-डावं देवाचं धरायचं, दर्शन घेणाऱ्याचं नाही. जहाजाच्या बाबतीत अगदी हेच.

सराव घरीच करा. हॉलच्या एका भिंतीला बो ठरवा. त्या भिंतीकडे तोंड करून पोर्टच्या भिंतीला हात लावा. आता पाठ फिरवा आणि पुन्हा पोर्टच्या भिंतीला हात लावा. या वेळी उजवा हात लागेल. घरातल्या कुणाला तरी मधूनच "स्टारबोर्ड!" असं ओरडायला सांगा. भिंत आणि शब्द यांची सरळ जोडी जुळेपर्यंत, म्हणजे मधला हात आणि मधलं भाषांतर गळून पडेपर्यंत, हे चालू ठेवा. घरचे हसतील, हसू द्या.

पायरी दुसरी: दोन अक्षरांचं कुटुंब

पोर्ट आणि लेफ्ट या दोन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये चार अक्षरं, अशी एक युक्ती सगळीकडे सांगतात. ती चुकीची नाही. पण पहाटे चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, अर्धवट झोपेत, मराठी डोक्याने इंग्रजी स्पेलिंग मोजत बसायचं हे मला काही खरं वाटत नाही. आपल्या लिपीत यापेक्षा चांगली सोय आहे.

पोर्ट, डावा, लाल. तिन्ही शब्द दोन अक्षरांचे. पोर्ट बाजू डावी आणि तिचा दिवा लाल. उरलेले उजवा आणि हिरवा आपोआप एकत्र येतात, शिवाय त्यांचं यमकही जुळतं: उजवा, हिरवा. लांबलचक स्टारबोर्ड त्यांच्या वाट्याला.

इतकंच नाही. जहाजाने भोंग्याचा एक छोटा आवाज दिला तर त्याचा अर्थ "मी स्टारबोर्डला वळतोय", आणि दोन छोटे आवाज म्हणजे "मी पोर्टला वळतोय". (तीन आवाजांचा अर्थ इंजिन उलटं चालवतोय असा होतो.) लाइफबोटींच्या नंबरांचा प्रघातही असाच: एक, तीन, पाच असे विषम आकडे स्टारबोर्डला, दोन, चार, सहा असे सम आकडे पोर्टला. म्हणजे पोर्टचं सगळं दोनात बसतं: दोन अक्षरं, दोन भोंगे, दोन नंबरची बोट. हे एक सूत्र पाठ केलं तरी निम्मं काम झालं.

स्टारबोर्ड कुठून आला, हे कुणीतरी विचारतंच. मागच्या टोकाला मधोमध सुकाणू बसवायची पद्धत रुळण्यापूर्वी उत्तर युरोपातल्या जहाजांना उजव्या अंगाला मोठं वल्हं बांधून दिशा देत. ती सुकाणूची बाजू. वल्हं मोडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावत, तीच माल चढवायची बाजू. या डाव्या बाजूला इंग्रज पूर्वी लारबोर्ड म्हणत. वादळात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येत, म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड मोडीत काढला आणि पोर्ट कायम केला. यातून आपण उचलायचं ते असं: वॉकीटॉकीवर हे शब्द कधीही तोडून, गिळून किंवा "स्टार्बड-बिर्बड" असे बोलायचे नाहीत. आणि "डावीकडे घे" असं तर मुळीच नाही. ऐकणाऱ्याचं तोंड कुठे आहे ते तुम्हाला दिसत नसतं.

पायरी तिसरी: पुढे आणि मागे

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. पुढचं निमुळतं टोक बो, कोळीवाड्यात ज्याला नाळ म्हणतात ते. मागचं टोक स्टर्न. जहाजाच्या आत पुढच्या बाजूला फॉरवर्ड, मागच्या बाजूला आफ्ट, मधोमध मिडशिप्स. पुढच्या टोकाचा उंच डेक फोक्सल. त्याचं स्पेलिंग कितीही लांब असलं तरी उच्चार एवढाच.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. आफ्ट जहाजाच्या आत असतं, अस्टर्न जहाजाच्या बाहेर. "स्टोअर आफ्टला आहे" आणि "टग अस्टर्नला आहे" (टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणारी-ढकलणारी बोट) ही दोन वेगळी वाक्यं. तसंच समोरच्या पाण्यातलं काही असेल तर ते अहेड. इंजिनच्या हुकमांत हेच शब्द गतीसाठी येतात: अहेड म्हणजे पुढे, अस्टर्न म्हणजे उलटं.

टँकरवर आणि सुटा माल नेणाऱ्या बल्क कॅरिअरवर राहायच्या खोल्या आणि ब्रिज (जहाज चालवायची खोली) बहुतेक वेळा आफ्टला असतात, त्यामुळे केबिनमधून बाहेर पडून लांबच लांब डेक दिसला की तो फॉरवर्ड. पण मोठ्या कंटेनर जहाजांवर ब्रिज बराच पुढे असतो, तिथे हा अंदाज दगा देतो. कुठल्याही जहाजावर पहिल्या दिवशी बो कुठे ते डोळ्यांनी बघून या.

मूरिंगला, म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधायच्या कामाला, उभं राहणाऱ्यांसाठी एक गाठ इथेच सोडवून ठेवतो. फोक्सलवरून पुढे जाणारे दोर ते हेडलाइन. त्याच फोक्सलवरून मागच्या दिशेने धक्क्यावर जाणारा दोर म्हणजे फॉरवर्ड स्प्रिंग. नावात फॉरवर्ड आहे कारण तो फॉरवर्ड स्टेशनवरून निघतो, जातो मात्र आफ्टकडे. नव्या मुलाला "फॉरवर्ड स्प्रिंग दे" म्हटलं की तो हमखास पुढच्या बोलार्डकडे, म्हणजे दोर बांधायच्या खुंटाकडे, बघतो. ताणलेला दोर तुटला तर उलटा फटका मारतो, त्यामुळे कुठला दोर कुठल्या दिशेने ताणला जाणार हे आधी कळलं नसेल तर तिथे उभंच राहू नका, विचारा. पायलट "पोर्ट साइड अलाँगसाइड" म्हणाला तर धक्का पोर्टला येणार, म्हणजे गँगवे (चढायची-उतरायची शिडी) आणि दोरांची धावपळही पोर्टलाच.

पायरी चौथी: कोपरे

चार बाजूंनी काम भागत नाही, कारण समुद्रावर वस्तू नेमक्या बाजूला क्वचितच असतात. म्हणून बाहेरच्या वर्तुळाचे आणखी तुकडे करतात. अगदी काटकोनात बाजूला ती बीम. बो आणि बीमच्या मधला भाग पोर्ट बो किंवा स्टारबोर्ड बो. बीमच्या मागचा, स्टर्नकडे वळणारा भाग पोर्ट क्वार्टर किंवा स्टारबोर्ड क्वार्टर. नौदलात याहून नेमकं सांगायचं तर रंग आणि अंश सांगतात: रेड फोर फाइव्ह म्हणजे बोपासून पोर्टकडे ४५ अंश, ग्रीन नाइन झिरो म्हणजे बरोबर स्टारबोर्ड बीम. व्यापारी जहाजांवर पॉइंट हे मापही अजून कानावर पडतं. पूर्ण वर्तुळाचे ३२ पॉइंट, म्हणजे एक पॉइंट सव्वाअकरा अंशांचा.

लुकआउटला, म्हणजे टेहळणीला, उभे असाल तर तुमचं काम एवढंच: दिसलेली गोष्ट, कुठल्या बाजूला, बोपासून किती. "लाइट, टू पॉइंट्स ऑन द स्टारबोर्ड बो, सर." ती टक्कर मार्गावर आहे की नाही हे ब्रिजवरचा अधिकारी ठरवेल.

पायरी पाचवी: मांडव्याची लाँच पकडा

वरचं सगळं वाचून जेवढं कळेल त्याच्या दुप्पट एका फेरीत कळतं, आणि मुंबईकरांना ही शाळा तिकिटाच्या पैशात मिळते. गेटवेवरून मांडव्याची लाँच घ्या. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट, बघा. ती २०२० पासून चालू आहे आणि गाडी नसलेल्यांनाही घेते. वरच्या डेकवर, शक्यतो मधोमध जागा धरा.

गेटवे सोडलं की लाँच साधारण दक्षिणेकडे, थोडी पूर्वेला कलून जाते. म्हणजे कुलाबा स्टारबोर्डला आणि उरण-करंजाचे डोंगर पोर्टला. आता कुलाब्याच्या टोकापलीकडे, पाण्यात उभं असलेलं प्रॉन्ग्ज रीफचं दीपगृह शोधा. हवा स्वच्छ असली तर दिसतं, थंडीतल्या सकाळच्या धुरकटात कठीण. सुरुवातीला ते स्टारबोर्ड बोवर असतं. लाँच पुढे जाईल तसं ते स्टारबोर्ड बीमला येतं आणि मग सरकत सरकत स्टारबोर्ड क्वार्टरवर जातं. दीपगृह जागचं हललेलं नाही. बो, बीम, क्वार्टर हे तिन्ही शब्द एकाच खुणेवर शिकून झाले.

परतीच्या फेरीत गंमत उलटी होते. तेच दीपगृह आधी पोर्ट बोवर, मग पोर्ट बीमला, मग पोर्ट क्वार्टरवर. कुलाबा पोर्टला, उरण स्टारबोर्डला. बाहेरून मुंबई बंदरात शिरणाऱ्या मोठ्या जहाजांनाही हेच चित्र दिसतं: शहर पोर्टला, न्हावा-शेवा आणि उरणचा किनारा स्टारबोर्डला. म्हणूनच "कुलाब्याची बाजू ती पोर्ट" असं पाठ करू नका. बाजू जहाजाची, किनाऱ्याची नव्हे.

पायरी सहावी: वारा मात्र जहाजाचा नाही

आतापर्यंत सगळं जहाजाला चिकटलेलं होतं. विंडवर्ड आणि लीवर्ड तसे नाहीत. वारा जिकडून येतो ती विंडवर्ड बाजू, वारा जिकडे जातो ती लीवर्ड, बोलताना नुसती ली. जुने दर्यावर्दी लीवर्डचा उच्चार लूअर्ड असा करतात, दचकू नका.

आपल्या किनाऱ्यावर याचा रोजचा पाठ मिळतो. पावसाळा सोडला तर दुपारी समुद्रावरून पश्चिमेचे खारे वारे येतात, आणि रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो. दुपारी मांडव्याला जाताना विंडवर्ड बाजू स्टारबोर्डची, आणि तशाच वाऱ्यात परत येताना पोर्टची. लाँच फिरली, वारा फिरला नाही. पहाटेच्या मतलईत हाच हिशेब उलटा होतो. याचा रोकडा उपयोग सांगतो: संध्याकाळी परतताना लाटा पोर्ट बोवर येतात आणि तुषार त्याच बाजूने उडतात, त्यामुळे कपडे कोरडे ठेवायचे तर स्टारबोर्डला बसा. आणि पोट ढवळून उलटी होणार असं वाटलं तर कठडा कायम लीचा पकडा. विंडवर्डचा पकडलात तर सहप्रवासी तुम्हाला विसरणार नाहीत.

मोठ्या जहाजावर पायलट लॅडर लीला लावतात ते याच कारणाने: त्या बाजूला पाणी शांत असतं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत मुंबईबाहेर उभ्या जहाजाने नीट ली दिली नाही, म्हणजे वळून शिडीला आडोसा केला नाही, तर पायलटचं शिडी चढणं जिवावरचं होतं.

पायरी सातवी: रात्रीचे दिवे आणि बोया

इथे सिद्धिविनायकाचा नियम पुन्हा लावायचा. समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा तुम्हाला तुमच्या उजव्या हाताला दिसेल, कारण ती त्याची डावी. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ते तुमच्याकडेच तोंड करून येतंय. अशा वेळी इंजिनवर चालणाऱ्या दोन्ही जहाजांनी स्टारबोर्डला वळायचं. आपल्या रस्त्यावरची डावीकडून चालायची सवय इथे विसरा, अरुंद चॅनलमध्येही जहाज उजव्या अंगाने चालतं.

बाजूचे दिवे सरळ पुढून बीमच्या साडेबावीस अंश मागेपर्यंत, म्हणजे प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसतात. उरलेल्या १३५ अंशांत मागचा पांढरा दिवा. बेरीज ३६०. म्हणून नुसता पांढरा दिसला तर ते जहाज बहुधा पाठमोरं असतं. "बहुधा" म्हणायचं कारण, लहान होड्या आणि नांगरलेली जहाजंही पांढरे दिवे लावतात.

इंजिनवाली दोन जहाजं एकमेकांना आडवी जात असतील तर दुसरं जहाज ज्याच्या स्टारबोर्डला, त्याने वाट द्यायची. पाठ करायला सोपी खूण: स्टारबोर्डकडून आडव्या येणाऱ्याचा लाल दिवा तुम्हाला दिसतो. लाल म्हणजे थांबा. पोर्टकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो, तिथे वाट त्याने द्यायची. मासेमारी करणारी, शिडाची किंवा हालचाल करू न शकणारी जहाजं आली की नियम बदलतात. तो वेगळा विषय आहे आणि या खुणेवर कुणी जहाज चालवू नये.

बोयांबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगत वाट दाखवणाऱ्या खुणांबद्दल, एक धोक्याची सूचना. इंटरनेटवर "रेड राइट रिटर्निंग" हे सूत्र जिकडे तिकडे सापडतं: बंदरात परतताना लाल बोया उजवीकडे. ते अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स इथलं आहे. जगात बोयांचे दोन विभाग आहेत, अ आणि ब. भारत अ मध्ये येतो. मुंबई बंदरात शिरताना लाल बोया पोर्टला ठेवायचे, हिरवे स्टारबोर्डला. म्हणजे आपलं दोन अक्षरांचं कुटुंब इथे तसंच चालतं: पोर्ट, डावा, लाल. बंदरातून बाहेर जाताना अर्थात उलट. ज्यांनी अमेरिकन व्हिडिओ बघून तयारी केली आहे त्यांनी हे एवढं तरी खोडून परत लिहावं. रंग नीट दिसत नसेल तर आकार बघा: पोर्टचा लाल बोया डब्यासारखा सपाट माथ्याचा, स्टारबोर्डचा हिरवा शंकूसारखा.

पायरी आठवी: चाक हातात आल्यावर

"स्टारबोर्ड टेन" म्हणजे सुकाणू दहा अंश स्टारबोर्डला. हुकूम ऐकला की तोच शब्द मोठ्याने परत बोलायचा, मग चाक फिरवायचं, आणि सुकाणूचा कोन दाखवणाऱ्या दर्शकाचा काटा दहावर आला की पुन्हा कळवायचं. "मिडशिप्स" म्हणजे सुकाणू सरळ. "स्टेडी" म्हणजे जहाजाचं वळणं शक्य तितक्या लवकर थांबवायचं, आणि "स्टेडी अ‍ॅज शी गोज" म्हणजे हुकूम आला त्या क्षणीचा कोर्स धरून ठेवायचा. परत बोलायची पद्धत नाटकी वाटली तरी सोडू नका. कुणी चुकीचं ऐकलं असेल तर चाक फिरण्याआधी पकडलं जाण्याची ती एकच संधी.

आजच्या जहाजावर चाक, सुकाणू आणि बो तिन्ही एकाच बाजूला वळतात. पूर्वी तसं नव्हतं. हुकूम सुकाणूच्या दांड्याचा असे, आणि दांडा एका बाजूला ढकलला की जहाज दुसऱ्या बाजूला वळतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर "हार्ड अ स्टारबोर्ड" असा हुकूम दिला गेला आणि जहाजाचा बो पोर्टला वळला, तो यामुळे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ते बरोबरच होतं. ही पद्धत १९३० च्या दशकात बदलली. पण गेटवेसमोरच्या लहान शिडाच्या होडीत दांडा अजून आहे, आणि तो आजही तसाच वागतो: दांडा पोर्टला ढकला, होडी स्टारबोर्डला जाते. होडीत शिकून मग जहाजावर जाणाऱ्यांनी शब्द बोच्या वळण्याशी जोडावेत, हाताच्या हालचालीशी नाही.

जहाजावर चढल्याच्या पहिल्या तासात

सामान केबिनमध्ये टाका आणि लगेच बाहेर या. मस्टर लिस्टवर, म्हणजे आणीबाणीत कुणी कुठे जायचं त्या यादीवर, तुमच्या नावापुढे कुठली लाइफबोट लिहिली आहे ते बघा. आकडा दोन असेल तर ती पोर्टला असायला हवी. केबिनच्या दारापासून बोटीपर्यंत एकदा उजेडात चालत जा आणि दर वळणावर बो कुठल्या बाजूला आहे ते मनात म्हणा. मग तीच वाट रात्री, हात कठड्यावर ठेवून. अकोमोडेशनच्या, म्हणजे राहायच्या खोल्यांच्या भागाच्या, आत खिडक्या नसलेल्या जिन्यांमध्ये दोन मजले उतरलं की भल्याभल्यांचा पुढचा-मागचा अंदाज जातो. तिथे भिंतीवर लावलेला फायर कंट्रोल प्लॅन, म्हणजे आग विझवायच्या सोयी दाखवणारा जहाजाचा नकाशा, बघा. त्यावर बो छापलेला असतो. बऱ्याच जहाजांच्या प्लॅनवर तो उजव्या हाताला असतो, पण गृहीत धरू नका, वाचून घ्या. आणि लाइफबोटीजवळ पोचलात की तिच्या अंगावरचा नंबर हाताने पुसून वाचा. मीठ आणि रंगाच्या थरांखाली तो कधी कधी दिसत नाही.